उपकेंद्रातील निदान: विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न: मी बी.एस्सी. नर्सिंगनंतर समुदाय आरोग्य अधिकारी होण्यासाठीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करीत आहे. पुस्तकात आजाराचे नाव आधी येते आणि लक्षणे नंतर. उपकेंद्रात मात्र रुग्ण नुसता ‘ताप आहे’ म्हणून येतो आणि मी गोंधळून जाते. क्ष-किरण नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. अशा वेळी सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर: आजाराचे नाव शोधण्याआधी हा रुग्ण आज घरी जाण्याइतका बरा आहे का, ते ठरवावे. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी तुमच्या हाताशी आहेत. रुग्ण नीट शुद्धीवर आहे का, श्वास किती वेगाने चालला आहे, नाडी आणि रक्तदाब काय आहेत, मान ताठ आहे का, प्यायलेले पाणी पोटात ठरते का आणि शेवटची लघवी केव्हा झाली, एवढे पाच मिनिटांत कळते. यांपैकी काहीही बिघडलेले दिसले, तर नाव न कळताही रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवण्याचा निर्णय बरोबरच असतो.

त्यानंतर प्रश्न विचारावेत आणि ते तुमच्या भागाला धरून असावेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात तापाच्या रुग्णाची हिवतापाची जलद चाचणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. ती निगेटिव्ह आली म्हणून विचार थांबवू नये, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसचे (माइट या सूक्ष्म किड्याची अळी चावल्याने होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळतात. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचा मोठा उद्रेक झाला होता. गवत कापायला, गुरे चारायला किंवा झुडपांत काम करायला गेलेल्या माणसाला पाच-सहा दिवसांचा ताप असेल, तर आडोसा करून, स्त्री रुग्णासोबत घरातील बाई ठेवून, सर्व अंग तपासावे. माइटची अळी चावलेल्या जागी काळी, कोरडी, भोवती लालसर कडा असलेली खपली पडते. ती दुखत नाही आणि खाजतही नाही, त्यामुळे रुग्ण स्वतः तिच्याविषयी सांगत नाही. काख, जांघ, स्तनांखालची घडी आणि कमरेला नाडी बांधण्याची जागा येथे ती सापडते. खपली प्रत्येक रुग्णात असतेच असे नाही. पण दिसली, तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी त्याच वेळी बोलावे आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा निर्णय तपासणीच्या अहवालासाठी खोळंबू देऊ नये. कोकणात शिकणाऱ्यांनी स्क्रब टायफसच्या जागी लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा जिवाणूचा ताप आठवावा: भातखाचरात किंवा साचलेल्या पाण्यात वावर, लालसर डोळे आणि दाबल्यावर दुखणाऱ्या पोटऱ्या.

डेंग्यूच्या बाबतीत नातेवाईक आणि नवे विद्यार्थी दोघेही एकाच ठिकाणी फसतात. ताप उतरला की सर्वांना हायसे वाटते, परंतु साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असतानाच, रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ यांविषयी पहिल्याच दिवशी घरच्यांना नीट समजावून सांगावे. तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन टाळावे.

लहान मुलाला तापाबरोबर खोकला असेल, तर स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी श्वास मोजावेत. मूल आईच्या मांडीवर शांत असावे, रडत किंवा दूध पीत नसावे. अंगावरचा सदरा वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय येथे उपयोगाची नाही, कारण मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालील बाळात आकडा 60 किंवा अधिक आला, तर पुन्हा मोजून खात्री करावी. आई ‘पोट उडतंय’ म्हणत असेल, तर तिचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का ते पाहावे. मूल पीत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटका आला असेल किंवा निपचित पडले असेल, तर ते उपकेंद्रात थांबवण्याचे मूल नव्हे.

बाकीचे पुष्कळ ताप दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतात. अशा रुग्णाला ‘बरे नाही वाटले तर या’ एवढेच सांगून पाठवू नये. कोणत्या दिवशी यायचे आणि काय दिसले तर त्याआधीच यायचे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. दुसऱ्या भेटीत पुष्कळदा पहिल्या भेटीपेक्षा अधिक कळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी, मग रुग्ण कितीही धडधाकट दिसो.

प्रश्न: घसा दुखणारा प्रत्येक रुग्ण अँटिबायोटिक मागतो. कोणाला खरी गरज आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर: खोकला, वाहते नाक आणि बसलेला आवाज असेल, तर आजार बहुधा विषाणूचा असतो. ताप, टॉन्सिलवर पू, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव ही चार लक्षणे जितकी जास्त, तितकी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शक्यता वाढते. शाळकरी मुलांत हे गांभीर्याने घ्यावे, कारण त्यातून संधिवाताचा ज्वर आणि पुढे हृदयाच्या झडपांचा विकार उद्भवू शकतो. करडा, चिकटलेला पडदा दिसला तर तो खरवडू नये. घटसर्पाच्या शंकेने लगेच पाठवावे. तोंड उघडत नसेल किंवा लाळ गळत असेल, तरीही थांबू नये.

प्रश्न: रक्तदाब एकदा 150/94 आला, तर रुग्णाला उच्च रक्तदाब आहे असे सांगावे का?

उत्तर: सांगू नये. रुग्णाला पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवावे, दंड हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवावा आणि पुन्हा मोजावे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर आकडा खोटा वाढतो. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून अधिक आल्यावरच निदान पक्के करावे. आकडा 180/110 च्या वर असून छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती कमी होणे किंवा अंधुक दिसणे असेल, तर मात्र वेगळ्या दिवसाची वाट पाहू नये. गर्भवतीचेही तसेच: 20 आठवड्यांनंतर 140/90 आढळल्यास डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि पोटाच्या वरच्या भागातील दुखणे यांविषयी विचारावे, लघवीतील प्रथिने तेथेच तपासावीत आणि तिला त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे.