स्टार रिसीव्हर ट्रेड करावा का?

एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल लीग) तुमच्या संघाचा स्टार रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, तगडा करार मागतोय, तेव्हा पैसे द्यावेत की त्याला ट्रेड करावं, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्या संघाला द्यावं, असा प्रश्न आहे. संघाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून मीच विचारतो: तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, कोण आहे? माझं उत्तर बहुतांशी त्यावरच ठरतं.

२०२२ मध्ये दोन संघांनी जवळजवळ एकाच वेळी हा जुगार खेळला. मार्चमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरीक हिल मायामी डॉल्फिन्सला देऊन पाच ड्राफ्ट पिक घेतले, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक ड्राफ्टमधले पाच हक्क. मायामीने हिलशी चार वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला सरासरी ३ कोटी. त्या वर्षी एका संघाची सॅलरी कॅप, म्हणजे पगारावरच्या खर्चाची मर्यादा, होती २०.८२ कोटी. आयपीएलच्या पर्ससारखंच गणित: ५३ जणांचा संघ, आणि सातवा हिस्सा एकट्यावर. चीफ्सनी मिळालेले पिक वापरून ड्राफ्टमध्ये वर सरकून बचावातला कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफी घेतला. पुढचे दोन्ही सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, त्यांनीच जिंकले. हिल मायामीतही भन्नाट खेळला, दोन्ही सीझनमध्ये १,७०० यार्डांच्या वर, पण त्या दोन वर्षांत डॉल्फिन्सना प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना जिंकता आला नाही.

आता लगेच 'बघा, रिसीव्हर विकलेलाच बरा' म्हणू नका. चीफ्सकडे क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स होता, शिवाय पास झेलणारा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी.

एप्रिलमध्ये, ऐन ड्राफ्टच्या रात्री, टेनेसी टायटन्सनी रिसीव्हर ए. जे. ब्राउनला फिलाडेल्फिया ईगल्सकडे पाठवलं. मिळालेल्या अठराव्या पिकावर त्याच्याच जागी ट्रेलॉन बर्क्स हा नवखा रिसीव्हर घेतला. क्वार्टरबॅक होता रायन टॅनहिल, बरा, पण दुसऱ्याची उणीव भरून काढणारा नव्हे. आदल्या वर्षी १२-५ (१२ विजय, ५ पराभव) असलेला संघ ७-१० वर आला. डिसेंबरमध्ये ब्राउननेच त्यांच्याविरुद्ध दोन टचडाउन केले, ईगल्स ३५-१० ने जिंकले आणि दोनच दिवसांत टायटन्सच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली!

'पण मिनेसोटाने रिसीव्हर स्टेफॉन डिग्स देऊन आलेल्या पिकावर रिसीव्हर जस्टिन जेफरसन मिळवला की,' असं कोणीतरी म्हणेलच. मिळवला, २०२० मध्ये. पण बाविसाव्या पिकावर असा खेळाडू हाती लागणं हे नशीब. त्याला योजना म्हणवत नाही. त्याच वर्षी ह्यूस्टनने रिसीव्हर डीआंड्रे हॉपकिन्स दिला आणि त्याबदल्यात महागडा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि दुसऱ्या फेरीचा पिक आणला. पहिल्या फेरीचा पिक नाहीच. तो सौदा मला आजही कळलेला नाही.

तेव्हा तुमचा क्वार्टरबॅक नवखा, अजून रुकी करारावर (ड्राफ्टनंतरच्या पहिल्या, स्वस्त करारावर) असेल तर रिसीव्हर अजिबात सोडू नका. क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवरच तुमच्याकडे पैसे आहेत, आणि त्याला पास द्यायला भरवशाचं कोणीतरी हवंच. क्वार्टरबॅक खरोखर मोठा आणि महागडा असेल, तर पहिल्या फेरीच्या पिकाखाली बोलणीच करू नका, आणि आलेला पिक बचावावर खर्च करा.

तारीखही बघा. साइनिंग बोनस (सही करताना दिलेली रक्कम) कॅपवर वर्षांवर्षांत वाटून मोजतात; त्याचा कॅपवर यायचा उरलेला भाग ट्रेड केल्यावर एकदम त्याच वर्षात येतो. १ जूननंतर ट्रेड केला तर तो दोन वर्षांत विभागतो, पण ड्राफ्ट एप्रिलमध्येच होऊन गेलेला असतो, म्हणजे पिक मिळणार ते पुढच्या वर्षाचे.