आधी विचार, पद अनुदानित आहे का

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स ५८ टक्क्यांनी झालं, घर दारव्ह्याकडे, पुण्यात टेस्टिंगची नोकरी चालून आलीय, पण तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावर) लागून पुढे परमनंट होता येईल का? तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून एकेरीत लिहितो. यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत १९ वर्षं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवण्याचंच काम केलंय, त्यातली पहिली ७ सीएचबीवर.

परमनंट होता येईल का, हे कॉलेजला विचारूच नको. "बघू, होऊन जाईल" यापलीकडे उत्तर येत नाही. विचारायचं ते हे, की पद अनुदानित आहे की विनाअनुदानित. आपल्याकडे बीसीए, बीसीएस या कॉम्प्युटरच्या पदव्यांचे वर्ग बहुतेक ठिकाणी कायम विनाअनुदानित असतात. पगार शासनाकडून नाही, संस्था फीमधून देते. बी.एस्सी.ला फिजिक्स-मॅथ्सच्या जोडीने कॉम्प्युटर सायन्स आहे आणि त्याला मंजूर अनुदानित पद आहे, अशा जागीच असिस्टंट प्रोफेसरचं ५७,७०० मूळ वेतन हातात पडतं. मी एका कॉलेजात सही एका आकड्यावर केली आणि त्याच्या निम्मे घेतले. दोन वर्षं. बोललो नाही, कारण तेवढ्यावरही यायला चारजण दाराबाहेर उभे होते.

सीएचबी म्हणजे तास झाला तर पैसे. दिवाळी कोरडी, उन्हाळा कोरडा. मानधनही महिन्याच्या महिन्याला येईल असं धरू नको. मला एकदा जुलैपासूनचं मार्चमध्ये मिळालं. घरी वावर होतं म्हणून निभलं.

आता पात्रता. ५५ टक्के तुझ्याकडे आहेत, म्हणजे नेट (देशपातळीची) नाहीतर सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा काढायची. १ जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी हीच किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. त्यामुळे "आधी पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन करून टाक" म्हणणाऱ्यांचं ऐकू नको. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र-गोव्यापुरती चालते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नको. आपली पोरं दुसऱ्या पेपरात ऑटोमाटा आणि डिस्क्रीट मॅथ्सवर अडकतात, कारण बी.एस्सी.ला ते तोंडपाठ करून निभावलेलं असतं. (इंजिनीअरिंग कॉलेजचं गणित वेगळं. तिथं बी.ई. आणि एम.ई. लागतं, तुझी वाट ती नाही.)

पैशाचं झालं. कामाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून तेही सांगतो.

तुझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी मोबाइल सोडून दुसरं यंत्र हाताळलेलं नसेल. मोबाइलवर अंगठा विजेसारखा फिरतो, कीबोर्डवर सेमीकोलन सापडायला मिनिट लागतं. एरर इंग्रजीत येते, म्हणून कुणी वाचतच नाही; "सर, लाल आलं" म्हणतात आणि थांबतात. पहिले दोन महिने मी प्रोग्रॅम कमी, एररच जास्त वाचून घेतो. कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा होतो. दिवाळीच्या मागेपुढे नवीन धडा काढू नको.

पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल, शिकवताना पहिली चार वर्षं मी पुस्तकातले चौकोन आणि बाण काढायचो, मुलं माना डोलवायची. मग एकदा सातबारा घेऊन गेलो. गट नंबर म्हणजे पत्ता. उतारा हातात आला म्हणून वावर हातात येत नाही, पण त्या नंबरावरून थेट वावरात पोचता येतं. उतारे दोघांकडे असले तरी वावर एकच, एकाने तूर पेरली की दुसऱ्यालाही तूरच दिसणार. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, मंग वावर इकलं अन् जुना उतारा खिशातच राह्यला तं?" डँगलिंग पॉइंटर, म्हणजे जागा गेली तरी तिचा पत्ता धरून बसलेला, अभ्यासक्रमात अजून दोन आठवडे लांब होता, मी त्याच तासाला उरकला. मेमरी फ्री केली की पॉइंटरला नल, म्हणजे रिकामं, करायचं, हे त्यांना "फेरफार करून घ्या" म्हटल्यावर कळतं. स्टॅकसाठी ट्रॅक्टरमधली सोयाबीनची पोती, शेवटी चढवलेलं आधी उतरतं. क्यूसाठी जिनिंगसमोरच्या कापसाच्या गाड्या. तिथं ओळखीने मधे घुसणाऱ्याला मुलं स्वतःच प्रायॉरिटी क्यू म्हणू लागली, ते मी शिकवलेलं नाही.

तर माझं मत: पुण्याला जा. नोकरी करता करता सेटचे दोन प्रयत्न दे. टेस्टिंगमध्ये दोन वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधल्यास तर पुढे वर्गात त्याचा फार उपयोग होईल. सेट निघाली की अनुदानित पदांच्या जाहिराती बघ, त्यातही रोस्टरमध्ये (आरक्षणाच्या बिंदुनामावलीत) तुझ्या प्रवर्गाची जागा आहे का ते आधी. सीएचबीच करायची झाली तर एक वर्ष कर, शिकवणं जमतं का ते पाहायला. माझ्यासारखी सात नको.

आणि मुलाखतीला गेलास की लॅब बघू द्या म्हण. चावी विभागात मिळाली तर ठीक. ती ऑफिसात मोठ्या बाबूकडे असेल आणि शोधायला पंधरा मिनिटं लागली, तर तिथली प्रॅक्टिकल्स जर्नलमध्येच होतात असं समज.