‘नंतर’साठी ठेवलेली दुर्बीण

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कमाई बरी आहे, शिल्लकही पडते. पण स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की हात आखडतो आणि न घेता घरी आलं की दिवसभर हळहळ वाटत राहते, असं तू लिहिलं आहेस. शेवटी विचारलं आहेस, ‘आधी साठवायचं आणि मग जगायचं, हाच शहाणपणा ना?’

नाही, असं मला वाटतं. पण एवढ्यावर भागणार नाही, म्हणून बैजवार लिहिते.

तिशीत मला पक्षी बघायचा नाद लागला. एकीने तिची दुर्बीण तासभर माझ्या हातात दिली होती. नुसत्या डोळ्यांना खंड्या म्हणजे फांदीवरचा निळा ठिपका. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच्या चोचीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लटकत होता आणि तो पडेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता. त्या दिवशी ठरवलं, आपली स्वतःची दुर्बीण घ्यायची. ती घ्यायला मला बरोबर तीस वर्षं लागली. पैसे नव्हते असं नाही. आधी घराचे हप्ते होते, मग मुलांची शिक्षणं, मग निवृत्तीची तजवीज. दर वर्षी कारण नवं असायचं आणि दर वर्षी ते खरंच असायचं.

साठाव्या वर्षी दुर्बीण घरात आली, तोवर गुडघे चढणीला कुरकुरायला लागले होते. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, वय कोणाला चुकलंय? वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मला ती वापरवेना. पेटी उघडायची, भिंगं मऊ फडक्याने पुसायची आणि परत मिटून ठेवायची. पट्टा कारखान्यातून आला तसाच, कागदाच्या वेष्टनात गुंडाळलेला. ओरखडा पडला तर? कुठे विसरली तर? तीस वर्षं मी स्वतःला ‘आत्ता नको’ म्हणत आले होते आणि त्यात तरबेज झाले होते. ‘घे, वापर’ हे स्वतःला कधी म्हटलंच नव्हतं, मग ते साठीला एकाएकी कुठून जमणार?

तुला सांगायचं आहे ते एवढंच. उपभोग घेणं हेसुद्धा अंगवळणी पडावं लागतं. पैसा बँकेत ठेवला तर वाढतो, पण आनंद घेण्याची सवय कपाटात ठेवली तर गंजते.

आता याचा उलटा अर्थ काढू नकोस. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा पोट भरलेल्या माणसाच्या तोंडून येतं. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या लोकांची सुखाबद्दलची साडेचार लाखांहून अधिक उत्तरं तपासली. एका ठरावीक उत्पन्नापुढे रोजचं सुख वाढायचं थांबतं, असा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि तो जगभर पसरला. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकांना वेगळं दिसलं, सुख वाढायचं थांबत नाही. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी वाद घालत बसण्याऐवजी एकत्र बसून आकडे पुन्हा पाहिले (ही गोष्ट मला फार आवडते) आणि २०२३ मध्ये उत्तर आलं. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. जे सगळ्यांत दुःखी आहेत त्यांचं मात्र एका टप्प्यानंतर थांबतं. पैशाने दूर होणारी दुःखं दूर झाली की उरतात ती दुसऱ्या प्रकारची, विरहाची, आजारपणाची, मनाच्या अंधाराची.

एक बारकावा मात्र लक्षात ठेव. ही वाढ रुपयामागे रुपया अशी होत नाही, पटीने होते. उत्पन्न दुप्पट झालं की सुख एक पायरी चढतं. तेवढीच पुढची पायरी चढायला ते पुन्हा दुप्पट व्हावं लागतं. वर वर जावं तशा पायऱ्या महाग होत जातात आणि त्या चढायला आपण बहुधा वेळ देतो, झोप देतो, माणसं देतो. तेव्हा पगारवाढ जरूर माग, पण तिच्यासाठी काय मोजावं लागतंय तेही बघ.

कर्जाबद्दल कडक शब्दांत सांगते. चैनीसाठी व्याजाने पैसे घेऊ नकोस. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. ८ टक्क्यांनी तुझी बचत नऊ वर्षांत दुप्पट होते, पण २४ टक्क्यांचं थकलेलं कर्ज तीनेक वर्षांतच दुप्पट होऊन दारात उभं राहतं. हप्ते डोक्यावर असताना सहलीतला समुद्रही नीट दिसत नाही. आणि काही महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी गंगाजळी आधी बाजूला काढ, त्यात हयगय नको. एवढं झालं की मात्र कंजूषपणाला ‘जबाबदारी’ हे नाव देऊ नकोस. मी दिलं होतं.

खर्च कशावर करावा, हे तुझं तू ठरव. माझ्या अनुभवाला दोन गोष्टी उतरल्या आहेत. पहिली, मोठ्या सुखाची वाट पाहू नकोस. १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेल्यांना काही प्रश्न विचारले होते. जिंकणारे फक्त २२ होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण मित्राशी गप्पा, ऐकलेला एखादा विनोद, सकाळची न्याहारी अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी आढळली. घबाड मिळालं आणि रोजच्या सकाळची चव गेली! म्हणून लहान आनंद लहान असतानाच आणि वरचेवर घे.

दुसरी गोष्ट वेळेची. जे काम करताना तुझा जीव मेटाकुटीला येतो, ते परवडत असेल तर पैसे देऊन करून घे आणि वाचलेली दुपार तुझ्या आवडीच्या कामाला दे. याला आळस म्हणू नकोस. २०१७ च्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या ८१८ कोट्यधीशांना याबद्दल विचारलं, तर जवळपास निम्मे अशा कामांवर काहीच खर्च करत नव्हते. म्हणजे पैसा आला तरी ही अक्कल आपोआप येत नाही, ती मुद्दाम शिकावी लागते.

बरोबरीच्यांनी काय घेतलं याचा हिशेब ठेवू नकोस. तुला त्यांची वस्तू दिसते, हप्ता दिसत नाही.

आणि त्या हळहळीबद्दल. ती हळहळ तुझा खोटेपणा नाही, हावही नाही. तुला नेमकं काय हवं आहे हे तिला तुझ्याआधी कळलेलं असतं. महिनाभर एका कागदावर लिहून काढ, काय घेतलं नाही आणि किती दिवस त्याची रुखरुख राहिली. दोन दिवसांत विरलं तर सोडून दे. महिनाअखेरीलाही तीच वस्तू, तीच शिकवणी, तोच प्रवास मनात असेल तर त्यासाठी वेगळं खातं उघड आणि तारीख घाल. तारीख नसली की ते ‘नंतर’च्या कपाटात जातं, आणि ते कपाट मला आतून माहीत आहे.

गेल्या महिन्यात मी पट्ट्यावरचा कागद फाडला. आता रोज पहाटे दुर्बीण गळ्यात घालून सपाटीवरच्या तळ्यापर्यंत जाते. भिंगाच्या कडेला एक ओरखडाही पडला आहे. पुढच्या रविवारी सवड असेल तर उजाडायच्या आत ये. पट्टा तुझ्या मापाने सैल करून ठेवते, पहिली पाळी तुझी.

तुझी,
मावशी