यंत्रे आल्यावर लोक सामाजिक सुरक्षेच्या बाजूने जातात का?

आपण विचारले आहे की, कामाच्या ठिकाणी संगणक आणि आता एआय आल्यामुळे धास्तावलेले लोक निवृत्तिवेतन, बेकारी भत्ता अशा धोरणांना अधिक पाठिंबा देऊ लागतात का. नुसत्या धास्तीने तसे होत नाही, असे माझे ठाम मत आहे. यंत्र आणताना कामगाराला विश्वासात घेतले होते की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

माझे वडील गिरगावातील एका छापखान्यात जुळारी होते. काना, मात्रा, रफार यांचे शिशाचे खिळे केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, न पाहता उचलून ते स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, उलट्या अक्षरांची ओळ लावत आणि ती तशीच उलटी वाचून चुका काढत. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आल्यावर मालकाने खिळे वजनावर मोडीत विकले आणि वडिलांना चालू महिन्याचा पगार देऊन घरी पाठवले. ग्रॅच्युइटी मिळाली नाही. भविष्य निर्वाह निधी तर कधी भरलाच गेला नव्हता.

त्याच काळात माझे भावोजी बँकेत कारकून होते. तेथेही संगणक आले, परंतु १९८३ आणि १९९३ मध्ये कर्मचारी संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेशी करार करून ते कोणत्या अटींवर यायचे हे ठरवून घेतले होते. आज निवृत्तिवेतन घेणारे भावोजी, डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना सामाजिक सुरक्षा देण्याचा विषय निघाला की म्हणतात, "ज्यांनी वेळेवर नवे शिकून घेतले नाही, त्यांचा भार करदात्यांनी का उचलावा?" त्यांना संगणक बँकेने पगारी वेळेत शिकवला, वडिलांना कोणी की-बोर्डला हातही लावू दिला नाही. करारामुळे टिकलेली नोकरी भावोजी निव्वळ आपली कर्तबगारी समजतात, आणि त्यांच्या शाखेतील इतर निवृत्तांचेही बोलणे मी तसेच ऐकले आहे.

शिवाय, हा भार करदात्यांवरच पडतो हेही खरे नाही. ठरावीक मालक नसलेल्या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. व्यापारी मजुरीबरोबर ठरावीक जादा रक्कम (लेव्ही) माथाडी मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची सोय होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अ‍ॅपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे.

अर्थात पक्ष, जात, गावाकडची शेती यांचाही मतावर परिणाम होतो, आणि नोकरी गेली म्हणून प्रत्येक जण सरकारकडे वळतो असेही नाही. वडिलांना सरकारी मदत नको होती, मालकाकडची हक्काची रक्कम हवी होती. आपण यावर पाहणी करणार असाल, तर एआयची भीती वाटते का हे विचारण्याआधी, तुमचा भविष्य निर्वाह निधी कोण भरते, हे विचारावे.