डॉकर घ्यायचं की डेस्क बुकिंग सॉफ्टवेअर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस, माणसं पंचवीसेक, खुर्च्या सोळा, कारण निम्मी मंडळी आलटूनपालटून घरून काम करतात. साहेब म्हणतात, यंदा एकच खर्च बसतोय. डॉकरसारखं कंटेनर टूल (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात चालवायचं साधन) आणि जागा बुक करायचं सॉफ्टवेअर यांची तुलना करा आणि एक निवडा.

साहेबांना न दुखावता एवढं सांगा, की या दोघांत निवड करायची वेळच येत नाही. माग घ्यावा की हजेरीबुक, असं अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठला कारखानदार विचारत नाही. शिवाय ज्याला ते खर्च समजतायत त्यातला निम्मा खर्चच नाही. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. विंडोज किंवा मॅकच्या लॅपटॉपवरचं डॉकर डेस्कटॉप २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी सशुल्क झालं; पण २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या आत, या दोन्ही अटी पाळणाऱ्यांना ते अजूनही फुकट आहे. तुम्ही त्यात आरामात बसता. तरी मनात शंका असेल तर रेड हॅटचं पॉडमन आहे, ते जवळपास त्याच कमांडवर चालतं.

डॉकरने नेमकं काय सुटतं? 'माझ्या मशीनवर तर चालतंय बे' हे वाक्य तुमच्या ऑफिसात दिवसातून कितीदा ऐकू येतं ते बघा. एकाकडे पीएचपी जुनं, दुसऱ्याकडे नवं, सर्व्हरवर तिसरंच. प्रोग्राम, त्याची लायब्ररी, आवृत्त्या सगळं एका इमेजमध्ये बांधलं की ते सगळीकडे सारखं चालतं. कॉलेजातून नुकतं पास झालेलं पोरगं रुजू झालं की त्याला कंपोजची एक फाइल (कुठले कंटेनर कसे चालू करायचे याची यादी) द्यायची आणि कामाला लावायचं. हा त्रास तुम्हाला असेल तर डॉकर आजच लावा, बजेटची वाट कशाला बघताय? कुबरनेटीसच्या नादाला मात्र लागू नका. गुगलने ते २०१४ मध्ये जाहीर केलं ते अनेक मशीनवर पसरलेल्या कंटेनरचा पसारा सांभाळायला. तुमच्याकडे सर्व्हर एक, फार तर दोन.

डेस्क बुकिंगचं काम वेगळंच. ऑफिसचा नकाशा, त्यावर खुर्च्या, उद्या कोण येणार, मीटिंगची खोली रिकामी आहे का. येऊन चेक-इन केलं नाही तर ठरावीक मिनिटांनी जागा आपोआप मोकळी. यातलं बहुतेक सॉफ्टवेअर माणशी किंवा खुर्चीमागे दरमहा पैसे घेतं, तेही बऱ्याचदा डॉलरमध्ये. म्हणजे खरा खर्च इथे आहे.

तरीही साहेबांना तुलनाच हवी असेल, तर एक आहे आणि मला ती मनापासून आवडते. दोन्हीकडे मूळ भांडण एकच: वस्तू मोजकी, मागणारे जास्त. एकाच सर्व्हरवर दोन कंटेनर ५४३२ हे एकच पोर्ट (सर्व्हरचं नंबर टाकलेलं दार) मागायला लागले की डॉकर दुसऱ्याला सरळ सांगतं, 'पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड', आणि तो चालूच होत नाही. बुकिंगच्या सॉफ्टवेअरला हेच वेळेच्या बाबतीत करावं लागतं. दहा ते अकरा आणि अकरा ते बारा या दोन बुकिंगांची टक्कर होता कामा नये, पण दहा ते अकरा आणि साडेदहा ते साडेअकरा यांची झालीच पाहिजे. नीट लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही अट डेटाबेसमध्येच घालतात. पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये त्यासाठी 'एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट' नावाची सोयच आहे. नुसतं स्क्रीनवर तपासून भागत नाही, दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की दोघांनाही 'बुक झालं' दिसतं.

फरक पुढे आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, सीग्रुप नावाची यंत्रणा आहे; कुठल्या प्रोग्रामने मेमरी, प्रोसेसर किती वापरायचा याची मर्यादा ती घालते. गुगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि २००८ मध्ये ती कर्नलमध्ये आली. २०१३ मध्ये आलेलं डॉकर बऱ्याच अंशी तिच्या जिवावर उभं आहे. एका कंटेनरला ५१२ एमबी मेमरीची मर्यादा घाला. त्याने त्यापलीकडे हात पसरला की कर्नल त्याला मारून टाकतो, तुम्हाला फक्त १३७ हा एक्झिट कोड दिसतो. दयामाया नाही. (मर्यादा स्वतःहून घालावी लागते, एवढं लक्षात ठेवा. नाही घातली तर एकच कंटेनर अख्ख्या सर्व्हरची मेमरी खातो.) माणसांच्या बाबतीत असा कर्नल नसतो.

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत हे रोज दिसतं. डेस्क बुकिंग तिथे कधीपासून आहे, फक्त कुणी त्याला तसं म्हणत नाही: नंबर टाकलेली खुर्ची, सकाळची आणि संध्याकाळची पाळी, महिन्याची फी, दाराशी वही. माझ्या मित्राच्या अभ्यासिकेत वहीत नावं पेन्सिलीने लिहितात, कारण महिन्याच्या मधेच कुणाची तरी भरती निघते आणि जागा रिकामी होते. तिथलं नेहमीचं भांडण डबल बुकिंगचं नसतंच. पाळी संपलेलं पोरगं खुर्चीवर बॅग ठेवून चहाला जातं आणि पुढच्या पाळीचा येऊन उभा राहतो. वही त्याच्या बाजूने आहे, खुर्चीवर बॅग आहे. यावर चेक-इन, क्यूआर कोड काही चालत नाही. उठून बॅग बाजूला ठेवणारा माणूस लागतो. तुमच्या ऑफिसात ही बॅग बहुधा एखाद्या सिनिअरची असणार, खिडकीजवळच्या खुर्चीवर. तिला हात कोण लावणार हे ठरल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

आता माझं मत. सोळा खुर्च्यांसाठी दरमहा डॉलर मोजायची गरज मला दिसत नाही. आधी गुगल कॅलेंडर किंवा सगळ्यांना दिसणारी एक शीट वापरून बघा. खुर्च्यांवरून खरंच रोज वाद होत असतील तर मुक्तस्रोत पर्याय आहेत. एमआरबीएस जुनं आहे, दिसायला साधं, मीटिंगच्या खोल्यांसाठी उत्तम. डेस्कसाठी सीटसर्फिंग बघा. त्याची डॉकर इमेज मिळते, सोबत पोस्टग्रेस लागतं. म्हणजे साहेबांच्या यादीतली दुसरी वस्तू पहिल्या वस्तूच्या आत चालते. दोन्ही आले, परवान्याचा खर्च शून्य.

लावताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. कंटेनरच्या आतलं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतं, म्हणून टाइम झोन आशिया/कोलकाता असा दिला नाही तर सकाळी दहाचं बुकिंग कुठेतरी पहाटे साडेचारचं दिसायला लागतं आणि लोक पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. डेटाबेसला नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनरच्या बाहेर डेटा साठवायची जागा) द्या. नाहीतर कंटेनर काढून नवा केला की डेटाबेस कोरा आणि सगळी बुकिंग गायब. आणि रीस्टार्टची पॉलिसी, म्हणजे कंटेनरने आपोआप परत सुरू व्हायची सूचना, घाला. लाइट जाऊन आली की मशीन सुरू होतं, कंटेनर सांगितल्याशिवाय उठत नाहीत.

राहिला प्रश्न सांभाळायचा, आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. फुकटाचं सॉफ्टवेअर कुणीतरी अपडेट करायचं असतं, बॅकअप घ्यायचा असतो. सोलापुरात हे काम ज्या पोरावर टाकाल, तो वर्ष-दीड वर्षात पुण्याला ऑफर घेऊन हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलेला असण्याची शक्यता धरून चाला. म्हणून कंपोजची फाइल, पासवर्ड आणि बॅकअप परत कसा चढवायचा याची कृती त्याच्या लॅपटॉपवर न ठेवता ऑफिसच्या गिटमध्ये (फाइलींच्या सामायिक साठ्यात) आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या एकाकडून ती कृती एकदा करून घ्या. असे दोघं तुमच्याकडे नसतीलच, तर साहेबांना सांगा की बुकिंगसाठी पैसे भरून तयार सेवा घेऊ. डॉकर तेवढं डेव्हलपरांच्या लॅपटॉपवर राहू दे.