पेशंट उचलताना कंबर जाऊ नये म्हणून नर्सने काय करावं? बरोबर पद्धत कोणती? कंबरपट्ट्याने फरक पडतो का?

पट्ट्याचं आधी सांगते, नाही पडत. धडधाकट माणसाने पट्टा बांधला म्हणून दुखापत टळते याला पुरावा नाही हे अमेरिकेतल्या नायोश (कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी) संस्थेने १९९४ सालीच सांगून टाकलंय. पण तू 'बरोबर पद्धत' विचारलीस ना, त्यावर मला बोलायचंय, कारण या दोन शब्दांनी माझं डोकं अजून तापतं.

मी कुडाळकडे एका खाजगी हॉस्पिटलात मेल वॉर्डला होते. आमच्याकडे आंबा काढणी सुरू झाली की कलमावरून पडलेले पेशंट येतात आणि माडावरून पडलेले तर बारा महिने. असाच एक गडी, चांगला दणकट, मणक्याला मार, एक्स-रे करून वर आणलेला आणि खालून कॅज्युअल्टीवाले फोनवर फोन करतायत की ट्रॉली परत पाठवा. नाईट ड्युटी, वॉर्डबॉय मामा सिलिंडर आणायला गेलेले. डॉक्टरांनी मान धरली, मी छातीकडे, मावशी कमरेकडे, पायाला पेशंटचा भाऊ, तो आपला सारखा 'सिस्टर सावकाश हां, तेका दुखता' म्हणतोय. आणि ट्रॉलीच्या एका चाकाचा लॉक तुटलेला, ते आधीच लिहून दिलेलं होतं बरं का. अर्ध्यात ट्रॉली मागे सरकली आणि सगळं वजन माझ्या लांब केलेल्या हातांवर आलं. सोडलं असतं तर त्याचा मणका गेला असता, म्हणून नाही सोडलं. त्याला नीट कॉटवर घेतलं आणि मग मला सरळच होता येईना, कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सरकलेली.

इनचार्ज मॅडमनी रिपोर्टमध्ये काय लिहावं? 'चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे.' चाकाचा उल्लेखही नाही. वर मला ऐकवलं की फर्स्ट इयरला शिकवलेलं विसरलीस, गुडघ्यात वाकायचं, कंबर सरळ ठेवायची. अहो, गुडघ्यात वाकणार कशी, समोर कॉटची लोखंडी पट्टी नडगीला लागते! कॉट एकाच उंचीची, पेशंट पलीकडच्या बाजूला, म्हणजे पुढे झुकून हात लांब करूनच धरावं लागतं आणि वजन अंगापासून जितकं लांब तितका कमरेवर ताण जास्त. तांदळाच्या पोत्याला निदान धरायला कोपरे असतात आणि ते मध्येच घाबरून आपल्या गळ्याला मिठी मारत नाही.

आता हिशोब बघ. नायोशच्याच थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मांडलं की पेशंट हाताने उचलायचा तर एकीच्या वाट्याला साधारण १६ किलोच्या वर वजन येऊ नये, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर. सत्तर किलोच्या माणसाचा एक पाय जवळपास ११ किलोचा असतो, म्हणजे दोन्ही पाय एकदम उचलले की मर्यादा संपली. चौघांत वाटला तरी साडेसतरा. यात पद्धत कुठे आली? वजनच जास्त आहे. नुसतं उचलायचं तंत्र शिकवून कंबरदुखी टळत नाही हे संशोधनातही दिसलेलं आहे, तरी आपल्याकडे दर वर्षी तेच लेक्चर.

म्हणून माझं मत, उचलू नकाच, सरकवा. स्लाइड शीट, म्हणजे पेशंटखाली घालून त्याला सरकवायची गुळगुळीत चादर, मिळत नसेल तर छत्रीचं नायलॉन कापड आणून टेलरकडून दुहेरी, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी शिवून घ्या, आम्ही पुढे तेच केलं, एक कापड दुसऱ्यावर घसरतं आणि पेशंट वर ओढायला निम्मीही ताकद लागत नाही. काम झालं की लगेच काढायचं, नाहीतर पेशंट कॉटवरून घसरून खाली येईल. कॉट वरखाली होत असेल तर आपल्या कमरेएवढी करून घ्यायची. पेशंट शुद्धीत असेल तर त्याला चांगला पाय दुमडून रेटा द्यायला सांगायचं, पॅरालिसिसवालासुद्धा एका पायाने बरीच मदत करतो. आणि हात लावायच्या आधी चाकांचे लॉक स्वतः पायाने दाबून बघायचे.

माणसं कमी असतील तर थांबायचं, सरळ नाही म्हणायचं. कॅलिफोर्नियात २०११ साली कायदा झालाय की धोका वाटला म्हणून पेशंट उचलायला नकार दिला तर नर्सवर कारवाई करता येत नाही. मॅडमना हे मी छापून नेऊन दाखवलं, तर म्हणाल्या ते तिकडचं. मग कंबर काय तिकडची वेगळी असते का?

अर्थात आग लागली, पेशंटचा श्वास थांबला, तर हे सगळं बाजूला ठेवून उचलावंच लागतं, ते मलाही कळतं. मणक्याच्या पेशंटला नुसत्या स्लाइड शीटवर ओढायचं नाही, आधी चार जणांनी लॉग रोल, म्हणजे मान-पाठ-पाय एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं. आणि तुला डॉक्टरांनीच पट्टा दिला असेल तर माझं ऐकून काढू नकोस. कळ पायात उतरली, बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर ड्युटी संपायची वाट न बघता त्याच तासाला दाखवायचं, आणि रिपोर्ट स्वतःच्या हाताने लिहायचा, लॉक, कॉट, किती माणसं होती ते सगळं, आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवायची.