येऊरच्या 'बाई'चा माग काढण्याआधी

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात दिसते म्हणतात त्या भुताच्या बाईच्या गोष्टी तुला तपासायच्या आहेत ना? मग रात्री तिथे जायचा बेत आधी रद्द कर. भुतासाठी नाही, बिबट्यासाठी! विजेरीच्या झोतात चमकणारे डोळे त्याचे असू शकतात, मांजराचे किंवा कुत्र्याचेसुद्धा. या सगळ्यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो.

सुरुवातीला एवढंच पुरे:

- ज्याने स्वतः पाहिलं त्यालाच गाठ. 'मित्राच्या मामाला दिसली' हे वहीत वेगळ्या पानावर. लोककथा म्हणून ते सोनं, पुरावा म्हणून शून्य.
- आधी मुकाट्याने ऐक. मग वेळ, अंतर, उजेड विचार. "पांढरी साडी होती का?" असं विचारलंस की साडी येणारच. नवखे सगळे इथेच घसरतात.
- गव्हाणी घुबडाचं ओरडणं ऐकून ठेव. पांढराफटक चेहरा, पंखांचा आवाज नाही, आणि पडक्या बंगल्यातून अचानक किंकाळी. ठाण्यातल्या निम्म्या हडळी इथेच निकालात निघतील, असा माझा अंदाज.
- खाडीवर एका रांगेत सरकणारे दिवे? बहुधा स्टारलिंकचे उपग्रह.

चकव्याची गोष्ट सांगणाऱ्याला हसू नकोस. चंद्र-सूर्य दिसत नसले की रानात माणूस खरंच गोल फिरतो. वाघोबाला हात जोडणाऱ्या वारल्यांशीही वाद नको, तिथे फक्त ऐकायचं.

कॅमेरे, यंत्रं आत्ता नकोत. मात्र भूत उतरवायला कुणी मारझोड करताना दिसलं, तर वही मिट आणि पोलिसांना कळव. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.